कुडापलीकडचा बेस

आमचे मोठे दीर गिटारीच्या तारा उकळायचे. भाताच्या टोपात पाणी, पाण्यात चिमूटभर सोडा आणि त्यात वेटोळं करून सोडलेल्या चार जाड तारा. चुलीवर रटरट उकळल्या की चिमट्याने उचलून दोरीवर वाळत घालायच्या. लग्न होऊन तलासरीजवळच्या या पाड्यावर आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे बघितलं. शेजारीण अंगणातून जाता जाता विचारायची, "आज काय शिजतंय?" माझ्या जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीवरून मान वर न करता म्हणायच्या, "तारांचं कालवण. ये जेवायला."

सगळे त्यांना दादा म्हणत. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, इथेही लिहीत नाही. दादा म्हणायचे, "तार मरत नाय. बोटांचा मळ बसतो तिच्यात. न्हाऊ घातली की उठते." नव्या तारा वापीला मिळत. त्या चार तारांच्या पैशात घरात महिन्याचं तेल येई, म्हणून त्यांनी एकेक संच तीन तीन हंगाम उकळून वापरली.

ते लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवत. टेम्पोवर स्पीकर रचलेले, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक गाणारा आणि स्पीकरला पाठ लावून कडेला उभे दादा. होळी झाली की हंगाम सुरू व्हायचा तो पावसापर्यंत. बाकीचे दिवस डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरी. बेस म्हणजे चार तारांची गिटार, खालच्या जाड आवाजाची. वरातीत तो आवाज कोणाच्या कानाला वेगळा लागत नाही. दादांना त्याचं हसू यायचं. "मी वाजवतो ते कोणाला ऐकू येत नाय. थांबलो की नाचणाऱ्यांचे पाय अडकतात. मग सगळे वर बघतात, काय बिघडलं म्हणून."

मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. सासूबाई उंबरगावकडच्या. त्यांच्या माहेरची रीत या घरात आली होती. धाकट्या सुनेने मोठ्या दिरासमोर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही. सासूबाई गेल्या, रीत राहिली. मला ती सोयीचीच वाटली, कारण मला कोणाशीच धड बोलता येत नसे. घर एक, चुली दोन. मध्ये कारवीचा कूड, शेणामातीने सारवलेला. पलीकडे ते आणि जाऊबाई, अलीकडे आम्ही. अठरा वर्षं त्या कुडातून मी दादांना ऐकलं.

एका दुपारी ते नवी वायर जोडून वाजवत होते. वाजवून जाऊबाईंना विचारलं, "कसा येतो?"

"मला काय कळतंय? म्हैस हंबरल्यासारखा येतो."

"अगं, सूर सुटा लागतो का, विचारतो. का नुसतं धडधड?"

"दोन्ही म्हशीच."

मग दादा कुडाकडे तोंड करून, पण कोणालाच विचारत नसल्यासारखे म्हणाले, "पलीकडे कोण असेल तर सांगा. सूर सुटे लागतात का? लागत असले तर एकदा ठोका. नसले तर दोनदा."

माझे हात पिठात होते. मी लाटणं उचललं आणि कुडाच्या मेढीवर, मधल्या लाकडी खांबावर, एकदा ठोकलं. पलीकडून जाऊबाईंचं हसू ऐकू आलं. "घ्या, मिळाली तुम्हाला जाणकार."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. काही बदललं की दादा आधी मेढीवर टकटक करत, वाजवत, मग थांबत. मी ऐकून ठोकत असे. बोलण्यापेक्षा मला ते फार सोपं गेलं. मध्ये कूड असल्यामुळे वरचा आवाज अडे, खालचाच यायचा, म्हणून खरं काय ते अलीकडेच कळतं, असं ते म्हणत. मला त्यातलं काही शिकवलेलं नव्हतं. पण जाड तार धुतलेली आहे की मळलेली, वायर कुठे सैल आहे, हे मला मांडणीवर त्या आवाजाने थरथरणाऱ्या ताटल्यांवरूनही कळायला लागलं. सैल वायर असली की ताटल्या मध्येच गप्प व्हायच्या.

गिटार त्यांनी वापीच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणली होती, दांडा वाकलेली. दुकानदार म्हणाला होता, "जूनुं छे, पण लाकडुं सारुं छे." जुनी आहे, पण लाकूड चांगलं आहे, असं; दादा त्याची नक्कल हुबेहूब करत. दांड्याच्या आत सळई असते, तिला पाना लावून रोज थोडी थोडी फिरवत त्यांनी महिनाभरात तो दांडा सरळ केला. घाई केली असती तर मोडला असता. स्पीकरचा डबा प्लायवूडचा, घरीच ठोकलेला. तो फार घुमायचा, मी दोनदा ठोकायची. तेव्हा जाऊबाईंच्या हातून निरोप आला, जुनी गोधडी आहे का. मी माझ्या बाळंतपणातली गोधडी दिली. ती त्यांनी डब्याच्या आत चारी बाजूंना खिळ्यांनी मारली. त्या दिवशी पहिल्यांदा, त्यांनी विचारायच्या आधीच मी एकदा ठोकलं.

कासा गावचा एक बँडवाला त्यांच्याकडे सल्ला घ्यायला आला होता. त्याला नवी लाल चकचकीत गिटार घ्यायची होती. दादा त्याला म्हणाले, "आधी तारा बदल. मग वायर. मग डबा. हे सगळं करून पैसे उरले तर गिटार. लाल रंगाचे पैसे तू देशील, वाजेल ती तारच." तो गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "एवढी अक्कल घरात वापरली असती तर लादी बसली असती." जाऊबाईंना घरात लादी हवी होती. त्यांचे गुडघे सारवून सारवून गेले होते. त्यासाठी त्या चिकूच्या मजुरीतून पैसे बाजूला टाकत होत्या आणि दादाही त्यात भर घालत होते.

मग तारांचं उकळणं वाढलं. आधी महिन्यातून एकदा व्हायचं, ते आठवड्यातून एकदा झालं, मग दोनदा. दादा म्हणायचे, तारा मेल्या. न्हाऊ घातल्या तरी उठत नाहीत. शेवटी नव्या आणल्या. त्यांनी ताणून लावल्या, वाजवल्या. अलीकडे सूर इतके सुटे येत होते की एकेक सूर ताटलीवर दाणा पडावा तसा वेगळा ऐकू येत होता. आणि पलीकडून दादा म्हणाले, "छे. याही मेलेल्याच दिल्या त्याने."

मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले.

त्याच्या आधी बरंच काही माझ्या लक्षात आलं होतं, पण ते मी एका जागी ठेवून बघितलं नव्हतं. जाऊबाई त्यांना जेवायला दोनदा हाक मारायच्या, मग तीनदा. कोंबडी घरात शिरून शेजारीच ओरडत असली तरी ते हाकलत नसत. मोबाइल कानाला लावून "बोल, बोल" म्हणत राहत. आता ते सगळं एकदम कळलं. तारा मेल्या नव्हत्या.

"पलीकडे," दादा म्हणाले, "सुटे नाय लागत ना?"

आवाज नेहमीचा नव्हता. घाबरलेला होता. एकदा ठोकलं असतं तर मी त्यांना सांगितलं असतं की तुमचे कान गेले. ज्या माणसाशी मी कधी बोलले नाही, त्याला पहिल्यांदा तेच सांगायचं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग दोनदा ठोकलं.

पलीकडे दादा मोठ्याने हसले. "बघ," ते जाऊबाईंना म्हणाले, "तिलाही नाय लागत. मला वेड नाय लागलं."

पुढे सगळं झालं ते त्या दोन ठोक्यांवर. तारा नव्या होत्या, वायर चांगली होती, म्हणजे डबाच कमी पडतो, असं ठरलं. लादीचे पैसे निघाले. वापीहून नवा डबा, मोठा अँप्लिफायर आला, काळा, कमरेएवढा, पुढे जाळी. जाऊबाई त्याच्याभोवतीची जमीन सारवत राहिल्या. दादांनी तो लावला तेव्हा माझ्या मांडणीवरून दोन ताटल्या खाली पडल्या. त्यांनी बटण आणखी फिरवलं. मी एकदा ठोकलं, जोरात. पण आता त्यांना ठोकाही ऐकू आला नसावा, कारण ते वाजवतच राहिले.

पुढच्या दोन हंगामांत त्यांनी तो टेम्पोवर चढवला आणि त्याच्याच शेजारी उभे राहू लागले. त्यांचा आवाज बाकी सगळ्यांच्या वर जायला लागला. तलासरीच्या एका लग्नात नवरीच्या मामाने टेम्पोवर चढून त्यांचं बटण स्वतः बंद केलं, असं माझ्या नवऱ्याने येऊन सांगितलं. दादा बराच वेळ तसेच वाजवत राहिले, बंद डब्यावर. लोक हसत होते.

आठवड्याने बँडचा मालक कमलेश आला. कीबोर्ड तोच वाजवायचा. अंगणात बसून, चहा घेऊन, हळू आवाजात तो म्हणाला, "दादा, राग मानू नका. आता बेस मी कीबोर्डवरच डाव्या हाताने घेतो. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी दाराआड होते. मला सगळं ऐकू आलं. दादा हसून म्हणाले, "हो हो. किती वाजता येऊ?"

कमलेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "येतो." पुन्हा सांगायची त्याची हिंमत झाली नाही. जाऊबाई पाणी भरायला गेल्या होत्या. घरात ते ऐकलेली मी एकटीच होते आणि मी तेही सांगितलं नाही. रविवारी दादा बँडचा निळा सदरा घालून, गिटार पाठीला लावून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. टेम्पो आला आणि न थांबता पुढे गेला. दादांनी हात वर केला होता. तो खाली यायला बराच वेळ लागला.

त्यानंतर जाऊबाईंनी त्यांना हट्टाने डहाणूला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं स्पीकरजवळ उभं राहून झालंय, गेलेलं परत येत नाही. दोन वर्षं आधी आणलं असतं, आवाजापासून दूर ठेवलं असतं, तर उरलेलं राखता आलं असतं. जाऊबाईंनी घरी येऊन मला हे शब्दाला शब्द सांगितलं. त्या सांगत होत्या आणि मी मनात दोन वर्षं मागे मोजत होते.

दादा गेल्या श्रावणात काविळीने गेले. शेवटच्या वर्षात त्यांनी गिटारीला हात लावला नाही. दुपारी अँप्लिफायरच्या जाळीवर तळवा ठेवून बसत. बटण चालू, वाजत काही नाही.

ते बटण अजून कोणी बंद केलेलं नाही. जाऊबाई हात लावू देत नाहीत. आमच्याकडे दिवसातून दोन-चारदा वीज जाते. परत आली की पलीकडे एकदा धप्प असा आवाज होतो, कूड थरारतो, आणि मग बारीक गुणगुण सुरू होते. विजेमुळेच होतं ते, मला माहीत आहे. तरी त्या धप्पला माझे हात जिथे असतील तिथे थांबतात. कोणीतरी वाजवून थांबलंय आणि माझ्या उत्तराची वाट बघतंय, असं वाटतं. एकदा नवऱ्याने विचारलं, "पोळी जळते, कसला विचार करतेस?" मी पोळी उलटली.

परवा तसंच झालं. मी जाऊबाईंकडे तांदूळ निवडायला बसले होते. वीज आली, डबा बोलला, दोघी थांबलो. मग सुपातला खडा बाजूला टाकत जाऊबाई म्हणाल्या, "त्यांना कळलं होतं गो."

"काय?"

"तू दोनदा ठोकलंस ना, त्या दिवशी. एरवी तू लगेच ठोकायचीस. त्या दिवशी थांबलीस. जेवताना म्हणाले, तिला लागतंय, पण सांगवत नाय."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग तो डबा?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाले, डॉक्टरकडे गेलो तर बँड सोडायला सांगेल. आणि डबा नाय आणला तर ती खोटी पडेल. एवढी भिडस्त बाई आपल्यासाठी खोटं ठोकते, तिला खोटी कशी पाडू?" जाऊबाईंनी सूप पाखडलं. "एकीने भिडेने सांगितलं नाय. दुसऱ्याने भिडेने पुन्हा विचारलं नाय. आणि तुमच्या दोघांच्या भिडेत लादी गेली माझी."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते तेव्हा बाहेर आलं, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला.

"लागत होतं," मी म्हटलं. "सगळं लागत होतं. एकेक सूर सुटा. शेवटपर्यंत चांगलं वाजवत होते ते."

जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यात गुणगुणणाऱ्या डब्याकडे हनुवटीने दाखवून म्हणाल्या, "मला काय सांगतेस? तिकडे सांग."

मी तिकडे तोंड केलं. तोंड उघडलंसुद्धा. मग ते मिटलं, आणि बाजूच्या मेढीवर बोटांनी एकदा ठोकलं.