समुद्र असलेलं गाणं

कापडाच्या बाबतीत चंद्रभान सोनकुसऱ्यांना फसवील असा माणूस सीताबर्डीत अजून जन्माला यायचा होता. दोन बोटांत कापड चोळून ते समोरच्या बाईला शांतपणे सांगत, "हे धुतल्यावर आटणार, बाई. पुढं तुमची मर्जी." दुकानाच्या मालकाला हा खरेपणा सोसत नसे. पण गिऱ्हाईक पायरी चढताचढताच "चंद्रभानराव आहेत का?" म्हणून विचारी, त्यामुळे तो गल्ल्यावर बसून नुसता सुस्कारे सोडी. पातळ असो, धोतर असो की जावई, कुणाचा पोत काय हे चंद्रभानरावांना लगेच समजे. आयुष्यात त्यांचा गोंधळ झाला तो एका गाण्यापायी, आणि तेही इंग्रजी.

घरात रेडिओ आला तो गोपिकाबाईंच्या हट्टाने. गोळीबार चौकातल्या त्यांच्या आळीत तीन घरी रेडिओ वाजत होते आणि तिन्ही घरच्या बायका नळावर आदल्या दिवशीच्या गाण्यांच्या गोष्टी करत. गोपिकाबाईंना हे फार लागलं. मग रेडिओ आला, त्याचं लायसन आलं, त्याला क्रोशाचं झाकण आलं. आणि एका गुरुवारी संध्याकाळी भजन शोधताशोधता चंद्रभानरावांच्या हातून काटा घसरला तो थेट कुठल्याशा परदेशी केंद्रावर जाऊन पडला.

तिथे कुणीतरी गिटार वाजवत होतं. चंद्रभानराव गाणं संपायची वाट पाहत बसले. संपलं की भजन लावू, असा सरळ विचार होता. पण ते गाणं संपेचना. गिटार झाली, मग पेटीसारखं काही झालं, मग ढोल आले, मग सगळे थांबले. संपलं म्हणून चंद्रभानरावांनी हात पुढे केला, तर पुन्हा सुरू! तेवढ्या वेळात गोपिकाबाईंचा कुकर झाला.

"हे काय लावलं?" त्या आतून म्हणाल्या. "गाणं आहे का नळाले पाणी येऊन राहिलं?"

"थांब वं. चांगलं आहे."

"काय चांगलं आहे?"

ते काही चंद्रभानरावांना सांगता येईना. त्यांनी बराच विचार केला आणि आपल्या परीने समजावलं, "हे पाह्य, आपलं सिनेमातलं गाणं म्हणजे ब्लाउजपीस. हातात घेतलं की संपलं. हे म्हणजे नऊवारी आहे. उलगडत जा, उलगडत जा, पदर येतच नाही."

"मग नेसा आता," गोपिकाबाई म्हणाल्या आणि पोळ्यांकडे वळल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी चंद्रभानराव रेडिओला कान लावून बसू लागले. इंग्रजी त्यांना "फिक्स्ड प्राइस" आणि "नो क्रेडिट" यापलीकडे येत नसे, पण त्या गाण्यांत शब्दही बेताचेच असत. अशाच एका गुरुवारी ते गाणं लागलं.

सुरुवातीला गिटार, अगदी हळू, कुणी विचार करत वाजवावी तशी. मग मागून समुद्र आला. चंद्रभानरावांनी समुद्र पाहिला नव्हता. पण आकाशवाणीच्या नाटकांत नायकाला नायिका सोडून गेली की तो येतो, हे त्यांना माहीत होतं. समुद्र भरत गेला, गिटार त्यात बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. आणि त्या बुडण्याच्या अगदी तळाशी कुठेतरी एक बाई रडत होती. गात नव्हती, रडत होती, भलत्याच कुठल्या भाषेत, मध्येच काही सांगत. मग ती गेली, समुद्र ओसरला आणि गिटार एकटीच किनाऱ्यावर आल्यासारखी वाजत राहिली. चंद्रभानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी निवेदकाने गाण्याचं नाव सांगितलं, पण इतक्या घाईत, की चंद्रभानरावांच्या हाती फक्त "थँक यू" लागलं.

ते गाणं पुन्हा ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण मागायचं कोणत्या नावाने? पुढे कित्येक गुरुवार गेले. ते गाणं काही पुन्हा आलं नाही.

एके दिवशी दुकानात गिरिधर नावाचा तरुण शर्टिंग घ्यायला आला. इंजिनिअरिंग कॉलेजात तो नुकताच शिकवायला लागला होता, केस मात्र अजून विद्यार्थ्यांचे होते. कापड मोजून होईतो तो शिट्टीवर एक सूर घोळवत होता. चंद्रभानरावांची कात्री कापडात अर्ध्यावरच थांबली.

"हे गुरुवारचं," ते म्हणाले.

गिरिधर बघतच राहिला. धोतर, काळी टोपी, गळ्यात मोजपट्टी. "काय म्हणता! तुम्ही ऐकता?"

"ऐकतो. समजत नाही."

"समजायचं नसतंच त्यात काही," असं म्हणून गिरिधर त्यांना त्या रविवारी व्हेरायटी चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. तिथे गुरुवारची गाणी ऐकणारे पाचसहा जण जमत आणि भांडत. भांडणाचा विषय ठरलेला असे: जुने बँड चांगले की नवे?

जुन्यांचे पुढारी होते रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करणारे गणपतराव. टेबलावर मूठ आपटत ते म्हणत, "अबे, नवे पोट्टे काय वाजवून राहिले? बटण दाबतात, मशीन वाजवते! जुन्यांच्या हाताले घट्टे होते, घट्टे!"

नव्यांचा पुढारी गिरिधर. "गणपतराव, तुमचे जुने लोक अर्धा तास एकच सूर घासतात. धक्क्यावर वॅगन शंटिंग करावी तसे. म्हणून तुम्हाला आवडतात."

"शंटिंगलेही डोकं लागते बाबू!"

चंद्रभानराव चहा बशीत ओतून दोघांकडे आळीपाळीने पाहत. त्यांना एक विचारायचं होतं, आणि तिसऱ्या रविवारी धीर करून त्यांनी विचारलं, "जुने म्हणजे किती जुने?"

"एकोणसत्तर, सत्तर," गणपतराव गंभीरपणे म्हणाले.

"सत्तर म्हणजे आत्ता मागं गेलं ते?"

"हो. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे नं."

चंद्रभानराव चकित झाले. त्यांच्या घरातला हातमाग आजोबांच्या वेळचा होता. आठ वर्षांत त्यांच्याकडे धोतरसुद्धा जुनं होत नसे. शिवाय जुने काय नि नवे काय, त्यांच्यापर्यंत सगळे एकाच वर्षी, एकाच रेडिओतून, एकदमच पोचले होते. एकाच गाडीने उतरलेल्या वऱ्हाड्यांत थोरला कोण नि धाकटा कोण हे कसं ओळखावं?

पण मग त्यांनी आपल्या गाण्याचं वर्णन केलं. गिटार, समुद्र, बुडणं, रडणारी बाई. ऐकता ऐकता गणपतरावांच्या हातातली विडी विझली.

"हे जुनंच," ते हळूच म्हणाले. "इतकं दुःख नव्यांले झेपत नाही."

"काय बोलता?" गिरिधर उसळला. "समुद्र यंत्रावर काढायचा, त्यात बाईचा आवाज मिसळायचा, हे जुन्यांकडे होतं तरी का? हे नवंच आहे!"

"ती बाई नवी असन का? रडणारी बाई कधीची जुनी आहे!"

अशी ती जुंपली. चंद्रभानरावांच्या गाण्यावर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला. कुणीच ते ऐकलेलं नव्हतं, आणि म्हणूनच कुणी मागे हटेना. पुढे पुढे तर गणपतराव त्या बाईच्या दुःखाबद्दल स्वतः ऐकल्यासारखं बोलू लागले आणि गिरिधर ते यंत्र कसं चालतं हे कागदावर काढून दाखवू लागला. मध्येच एखादा विचारी, "चंद्रभानभाऊ, समुद्र डाव्या बाजूनं येते का उजव्या?" चंद्रभानरावांच्या रेडिओला बाजूच एक होती. ते म्हणत, "समोरून."

शेवटी असं ठरलं की त्या केंद्राला सर्वांच्या वतीने फर्माईश पाठवायची, ती याच गाण्याची. पण नाव हवं. नाव शोधायला मंडळी गिरिधरच्या ओळखीच्या इंदुताईंकडे गेली. धंतोलीत राहणाऱ्या इंदुताई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांच्या भावाने परदेशातून येताना रेकॉर्डींची एक पेटी आणली होती. त्यांनी सर्वांना पाणी दिलं, पाय पुसायला लावून सतरंजीवर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "बोलायचं नाही. ऐकू आलं की हात वर करायचा."

तीन रेकॉर्डी झाल्या. चौथीची सुई टेकली आणि दोन क्षणांत चंद्रभानरावांचा हात वर गेला.

तीच गिटार. विचार करत वाजणारी. चंद्रभानरावांनी डोळे मिटले. आता समुद्र येईल. गिटार पुढे गेली. आता येईल. गिटार त्याच सुरात, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी वाजत राहिली. कुठे बुडाली नाही, कुठून वर आली नाही. गाणं संपलं. सुई घरघरत राहिली.

"समुद्र?" गणपतरावांनी विचारलं.

"नाही आला," चंद्रभानराव म्हणाले.

"बाई?"

"तीही नाही." दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. गणपतराव म्हणाले, रेकॉर्ड डुप्लिकेट असणार. इंदुताईंना ते लागलं. मग गिरिधर उठला, खिडकीशी गेला आणि वाईट बातमी सांगावी तसा पाठमोराच म्हणाला, "भाऊ, समुद्र नव्हता तो. हवा होती. लांबचं स्टेशन असलं की आवाज येतो-जातो, खरखर होते. आणि बाजूला दुसरं स्टेशन घुसतं."

"मग बाई?"

"दुसऱ्या स्टेशनची असेल. नाटक असेल, बातम्या असतील. काय माहीत."

"बातम्या सांगताना रडत होती?"

तोवर गणपतरावांनी रेकॉर्डीचं पाकीट उलटंपालटं करून आपल्या मूळ मुद्द्याला हात घातला होता, "इंदुताई, हे जुनं का नवं तेवढं सांगा." इंदुताईंनी चष्मा लावून वाचलं. बँड जुना निघाला आणि रेकॉर्ड नवी. दोन्ही पक्ष जिंकले आणि लगेच पुन्हा भांडायला लागले.

चंद्रभानराव पायीच घरी आले. त्यांना वाटत होतं, आपण नऊवारी म्हणून घरी आणली आणि उलगडून पाहतो तो काठ एका मागावरचा, पदर दुसऱ्याच मागावरचा. आयुष्यभर लोकांना जोडाचं कापड ओळखून दिलं आणि स्वतः जोडावरच भाळलो! बरं, फसलो म्हणावं तर डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मग ते कशासाठी आलं? गिटारीसाठी म्हणावं तर आज आलं नाही.

"काय झालं? तब्येत बरी नाही का?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"त्या गाण्यात बाई नाहीच वं."

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या.

फर्माईश ठरल्याप्रमाणे गेली. इंदुताईंनी इंग्रजी लिहून दिलं आणि खाली सगळ्यांची नावं घातली, सर्वांत वर चंद्रभान सोनकुसरे, नागपूर. आपलं नाव लंडनवाल्यांच्या नावांशेजारी वाजणार म्हणून गणपतरावांनी धक्क्यावर पेढे वाटले. थंडी पडू लागली तेव्हा एका गुरुवारी, पुढच्या आठवड्यात ते गाणं लागणार असं निवेदकाने सांगितलेलं गिरिधरने ऐकलं. मग पुढच्या गुरुवारी सगळे चंद्रभानरावांच्या घरी जमले. गोपिकाबाईंनी बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा केला होता. इंदुताईंच्या कपाळावर तिखटाने घाम आला होता, पण त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

गाणं सुरू झालं. त्या दिवशी हवा अशी स्वच्छ, की निवेदकाचा श्वास ऐकू यावा. गिटार शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी. गिरिधर म्हणाला, "काय लागलंय भाऊ! असं कधीच लागत नाही." गणपतरावांनी डोळे मिटले. चंद्रभानराव रेडिओजवळ बसले होते. गाणं पुढे सरकत होतं. आपल्याला हवं होतं ते हेच, नाव घेऊन मागितलेलं, सर्वांदेखत मिळालेलं. आणि हे ते नव्हे.

त्यांचा हात पुढे गेला. काटा त्यांनी किंचित सरकवला. केसभर.

"अबे, काय करून राहिले!" गणपतराव ओरडले. गिटार फाटली, खरखर भरली. "चंद्रभानभाऊ, हात काढा!" गिरिधर धावला. कुणी पुरुष मोठ्याने बातम्या देत होता, मग शिट्टी, मग काहीच नाही. गिरिधरने काटा मागे आणला तेव्हा निवेदक "थँक यू" म्हणत होता आणि पुढचं गाणं लागत होतं. नावं वाजून गेली होती. नागपूर वाजून गेलं होतं.

गणपतरावांचे तर पेढे आधीच वाटून झाले होते.

"काय शोधून राहिले होते गा?" त्यांनीच विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

चंद्रभानराव ओशाळून म्हणाले, "ती बाई. कोण होती, काहून रडत होती, तेवढं तं कळाले पाहिजे नं."

गणपतराव खुर्ची सरकवून पुढे आले. "असं धसमुसळं फिरवून बाई सापडते का? सरका. हळू घ्या."

"डावीकडे घ्या," गिरिधर म्हणाला. "त्या बाजूला जास्त स्टेशनं आहेत."

"जुनी स्टेशनं सगळी उजवीकडे आहेत. इतकी रडणारी बाई नव्या स्टेशनवर असन का?"

"गणपतराव, आता स्टेशनातही तेच?"

इंदुताईंनी बोट ओठांवर ठेवून दोघांना गप्प केलं. आतून गोपिकाबाई हात पुसत आल्या आणि दारात टेकून उभ्या राहिल्या. चंद्रभानरावांनी दोन बोटांत काट्याची कळ धरली, कापडाचा पोत पाहावा तशी, आणि काटा हलतोय की नाही कळणार नाही इतक्या हळू ते तो सरकवत राहिले.