आप्पांनी आखलेलं पान

आप्पा गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दवाखान्यात नवी वही आखत होतो. कार्ड वाचलं आणि रेघ वाकडी गेली... आप्पा असते तर म्हणाले असते, "पान फाड, परत आख." (त्यांचं आडनाव, गावांची नावं सांगत नाही; का ते कळेलच.)

दहाएक वर्षांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात आप्पा कारकून होते, मी त्यांच्या हाताखाली. सातपुड्याच्या पायथ्याशी नवा दवाखाना निघाला आणि मला तिथं नेमलं. छापील वह्या कुठल्या मिळायला! जुन्या रुग्णवहीबरहुकूम रकाने आखून न्यायचे: नाव, गाव, आजार, औषध. आप्पांचं आखणं नुसतं बघत राहावं असं. मी मात्र दीडशहाणा. नव्या लोकांना वही भरायची कशी ते कळावं म्हणून पहिल्या पानावर जुन्या वहीतली दहा नावंही उतरवली, वही तिथल्या टेबलावर ठेवली आणि संध्याकाळी परतून आप्पांना फुशारकीनं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. त्या दहांत त्यांच्या गल्लीतली एक बाई होती. आजार असा, की नुसतं नाव निघालं तरी सोयरीक मोडावी. आणि तिच्या मुलीची सोयरीक नेमकी नव्या दवाखान्याच्याच गावात जुळत आलेली!

"काय करी बसना रे तू!" आप्पा कडाडले. "चौकट ली जावानी व्हती, मानसे नही!"

सकाळी बाजाराची पहिली एस.टी. धरली. दुसऱ्या कोणी दवाखाना उघडायच्या आत आप्पांनी ते पान फाडून चहाच्या चुलीत घातलं आणि तिथंच मांडी ठोकून नवं आखलं. मी रडकुंडीला आलेलो. "आते नही ना शे ते पान? मंग चाय पी," एवढंच म्हणाले. साहेबांकडे तक्रार नाही, पुढं कधी टोमणाही नाही. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही.

कार्ड आल्यावर आप्पांच्या घरी भेटायला गेलो तर ओट्यावर तीच मुलगी, आता दोन लेकरांची आई, ढसाढसा रडत होती. "मन्हा लगीनमा आप्पाच पुढे व्हतात," ती म्हणाली. "तुम्ही कसा वळखतस त्यास्ले?"

"वही आखायला शिकलो त्यांच्याकडून," मी म्हटलं. पुढचं ओठावर आलं होतं... पण आप्पांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, मी कोण सांगणारा?