मोराची मागची बाजू

"हा व्हिलन आहे, का आपला हिरो आरशासमोर दाढी करतोय?" संपादक मॅडमनी प्रिंटआउट माझ्याकडे सरकवलं.

आमच्या कॉमिकचा हिरो मोरवीर. त्याच्या खांद्यावर मंतरलेला पैठणी शेला. शेल्यातले मोर जागे झाले की याच्या अंगात बळ येतं. नव्या अंकात तसाच शेला घेऊन काळमोर हा व्हिलन येणार होता. मी चौदा वर्षांचा अनुभव पणाला लावून मोरवीर फ्लिप केला, म्हणजे कॉम्प्युटरवर त्याचं डावं-उजवं बदललं, आणि वरून काळा रंग ओतला. चार मिनिटांचं काम. दोन दिवस लागले म्हणून सांगितलं.

"सुळे लावू का?" मी विचारलं.

"लावा. सुळे लावून दाढी करेल. सोमवारी नीट पानं आली नाहीत, तर मोरवीर बंद. मालकांनी सांगितलंय."

माझं घर मोरवीरवर चालतं. शुक्रवारी सकाळीच पैठणची एसटी धरली. तोवर मी खरा शेला फक्त फोनवर बघितला होता, हे मॅडमना अजून माहीत नाही.

तिथं हातमागावर पैठणी विणणाऱ्या सुमनमावशींना मी मोरवीर आणि काळमोर, दोन्ही चित्रं दाखवली.

"वाईटाला काळा कशापायी केला?" त्या म्हणाल्या. "बघूनच लोक लांब पळतील. मग फसायचं कुणी?"

त्यांनी दोन शेले पुढ्यात टाकले. "यातला हातमागाचा कोणता?"

मी चित्रकाराला शोभेल असे डोळे बारीक केले आणि एकावर बोट ठेवलं. मावशी हसल्या. पलीकडच्या मागावरच्या बाईसुद्धा हसल्या.

मावशींनी दोन्ही शेले उलटे केले. माझ्या निवडीच्या पाठीवर सुट्या धाग्यांचं जंगल लोंबत होतं. मशीनचा माल. दुसऱ्याच्या पाठीवर तोच मोर, तोच पिसारा, डोळ्यातला तोच हिरवा ठिपका. फक्त तोंड दुसरीकडं. मी तो चारदा उलटासुलटा केला. कुठं गाठ नाही, कुठं खोट नाही. माझं फ्लिपचं बटण आठवलं आणि कान गरम झाले.

"मावशी, हे कसं करता?"

"बसून."

परत येऊन मीही बसलो. दोन दिवस. काळमोर हुबेहूब मोरवीरसारखा काढला, त्याच रंगांत, सुळे नाहीत. सगळं गाव त्याच्या पाया पडतं. शेवटच्या पानावर वारा सुटतो, शेला उलटतो आणि पाठीवरचे सुटे धागे दिसतात.

ते पान बघून मॅडम परत पहिल्या पानावर गेल्या. "मी पण याच्या पाया पडले असते," म्हणाल्या. मोरवीर वाचला.

छापलेली पहिली प्रत मावशींना नेऊन दिली. त्यांनी कव्हर बघितलं, मान डोलावली आणि अंक उलटा केला. मागं चपलांची जाहिरात होती.

"हिकडं नाय का काही काढलं?"

तेव्हापासून मागचं कव्हरही मीच काढतो.