दुप्पट डोस

"गोळी जेवल्यावर खातो जी. छाती जळाले लागली का मंग," शांताबाई खिडकीतून म्हणाल्या.

मी गोंदिया तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होतो. शांताबाई साठीच्या, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या. वर्षभर ओमेप्राझोल नेत होत्या. ही पोटातलं आम्ल कमी करणारी कॅप्सूल. जळजळ सुरू झाल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग नाही. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. वर्षभर मीच ती देत होतो आणि वेळ एकदाही सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली.

महिन्याभरानं त्या परत आल्या.

"जळजळ गेली जी."

मला बरं वाटलं. डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, असंही वाटलं.

"पन भाताचा घास इथं अटकते," त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "पेज तेवढी उतरते."

हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. घास अडकणं आणि वजन उतरणं ही धोक्याची लक्षणं. अशा वेळी तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका बघावी लागते. ती एंडोस्कोपी. त्यासाठी नागपूरला पाठवायचं.

मी डॉक्टरांकडे गेलो.

"सर, शांताबाईंना रेफर करायला पाहिजे."

"जळजळ आहे?"

"नाही. घास अडकतो."

"म्हणजे औषध लागू पडलंय. डोस डबल करा, दोन महिने बघू. आणि डायग्नोसिस माझं काम आहे. तुमचं काम खिडकीत."

त्यांनी कागदावर नवा डोस लिहून दिला. मी खिडकीत आलो. "सकाळी एक, संध्याकाळी एक."

"यानं घास उतरंल ना जी?"

"डॉक्टरांनी दिलंय," मी म्हणालो. नागपूरला दाखवून या, एवढं सांगायला कोणाची परवानगी लागत नव्हती. मी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मुलगी त्यांना धरून घेऊन आली. पाणीही उतरत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहिली. नागपूरला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. रोवणी सुरू व्हायच्या आत शांताबाई गेल्या.

मुलगी उरलेल्या कॅप्सूल परत द्यायला आली.

"नागपूरले पहिलेच काऊन नाही पाठवलं जी?"

मी स्ट्रिप घेतल्या आणि मोजू लागलो.

जळजळ थांबली म्हणजे आजार गेला, असं नाही. गिळताना अडकत असेल तर गोळी वाढवू नका, आधी तपासणी करा. हे मी आता सगळ्यांना सांगतो. तेव्हा चौकशी झाली असती, तरी माझ्यावर ठपका आला नसता. कागदावर लिहिला होता तेवढाच डोस मी दिला होता.