ज्योत्स्नाच्या लॅपटॉपमधले अकरा फोन

भिमाजी ओव्हाळ आंबीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. आधी मेन स्विच बंद, मग ऑपरेटरची तक्रार कार्डावर, मग हातात पाना, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. रिटायर होऊन पवनानगरला घरी बसले, तेव्हा त्यांनी चांगला चालणारा मिक्सर तीनदा उघडला. त्यावर नंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघरातली सगळी यंत्रं त्यांना वर्ज्य केली. रिकामा हात काही तरी उद्योग शोधणारच. त्यांनी एक वापरलेला लॅपटॉप आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली.

पहिल्या खेपेला लिनक्सने त्यांना चांगलंच नाचवलं. वायफाय काही दिसेना. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, तो उठायचाच नाही. नऊ दिवस भिमाजी त्याच्यापुढे मांडी घालून बसले. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, उतरवून घेतला, आणि बारा वर्षांचं ते यंत्र पाऊण मिनिटात सुरू व्हायला लागलं. "मशीन म्हातारं होत न्हाई," ते नंदाबाईंना म्हणाले, "त्याच्यावर वझं लय टाकत्यात." नंदाबाई म्हणाल्या, "बायकांचं पन तसंच हाय."

हळूहळू गावोगावचे मंदावलेले लॅपटॉप त्यांच्या ओटीवर येऊ लागले. धरणाकाठी पर्यटकांना तंबू देणाऱ्या कॅम्पवाल्यांचे, ग्रामपंचायतीतल्या कुणाकुणाचे, कॉलेजच्या पोरींचे. प्रत्येकाला सुतळीने कार्ड बांधलेलं. आणणाऱ्याने सांगायचं, भिमाजींनी लिहायचं. कारखान्यात तक्रार घेऊन येणारा माणूस हाच ते मशीन चालवणारा असे. घरातल्या वस्तूचं तसं नसतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मार्गशीर्षात तिकोणा पेठेचे सीताराम मोहोळ लॅपटॉप घेऊन आले. तो त्यांच्या सुनेचा, ज्योत्स्नाचा. धरणाकाठी त्यांचे सहा तंबू आहेत, त्यांचं बुकिंग ती त्यावर करते. ज्योत्स्ना आईच्या वर्षश्राद्धाला माहेरी आंबीला गेली होती. ती परत यायच्या आत लॅपटॉप पळता करून ठेवायचा, असा सासऱ्यांचा बेत होता. हेतू सोन्यासारखा होता.

"चालू व्हायला चहा पिऊन व्हतो," सीताराम म्हणाले. "समदं साफ करून टाक."

"आतलं काय ठेवायचं हाय का?"

"बुकिंग समदं मोबाइलात बी असतंय. काय न्हाई ठेवायचं."

भिमाजींनी कार्डावर लिहिलं, 'मंद. पूर्ण साफ करणे.' मग डिस्क सगळी पुसून लिनक्स टाकलं, मेमरी वाढवली, पंख्यातला धुरळा काढला. वायफाय, छपाई, मराठी टायपिंग सगळं तपासलं. काम इतकं नेटकं झालं होतं की त्यांना स्वतःलाच दोनदा चालू-बंद करून बघावंसं वाटलं.

तीन दिवसांनी ज्योत्स्ना स्वतः लॅपटॉप घेऊन आली. मागे सीताराम, मान खाली घालून. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

"काका," ती म्हणाली, "यात आईचे फोन होते. अकरा. जुन्या मोबाइलात आपोआप रेकॉर्ड झालेले. तो मोबाइल बिघडायला लागला म्हणून यात घेतले होते. दुसरीकडं कुठं न्हाईत."

कारखान्यात त्यांच्या हातून एक बेअरिंग गेलं होतं, तेही वीस वर्षांपूर्वी. बेअरिंग नवं मिळतं.

"ह्यो पुसल्यापासून किती वापरला?"

"चालू केला अन् घाबरून बंद केला."

"ब्येस केलं. आता चालू करायचा न्हाई. जुन्या जागेवर नवं काय लिवलं गेलं, तर तेवढं जातं. न्हाई लिवलं, तर अजून आत असंल." मग ते थांबले. "चूक माझी हाय पोरी. मी तुला इचाराया पायजे व्हतं."

सीताराम म्हणाले, "मीच सांगितलं त्याला." ज्योत्स्नाने लॅपटॉप ओटीवर ठेवला.

भिमाजींनी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे आतल्या डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये, आणि पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर टाकत तो दोन दिवस चालला. फायली आल्या हजारोंनी, पण एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. गाणी, लग्नाचे बँड, आरत्या, कुणाच्या तरी रिंगटोन. भिमाजी ओटीवर बसून एकेक फाईल दोन सेकंद ऐकत आणि बाजूला करत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका फायलीत एक बाई म्हणाली, "ज्योती, जेवलीस का गं?" त्यांनी लगेच बंद केलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता पाय टाकल्यासारखं त्यांना वाटलं. मोबाइल फोनचं बोलणं ज्या प्रकारच्या फायलीत साठवतो, तसल्या बाकीच्या फायली त्यांनी न ऐकता वेगळ्या काढल्या. पहिलीसकट त्या सहा भरल्या. बाकीच्या पाच जिथे होत्या, तिथे आता लिनक्स बसलं होतं.

त्यांनी ज्योत्स्नाला बोलावून घेतलं आणि आकडा लपवला नाही. "सहा घावल्या. पाच गेल्या. त्या आता कुनालाच मिळायच्या न्हाईत."

तिने मान हलवली आणि पहिली लावली. सीताराम पायरीवर बसून होते. नंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ज्योती, जेवलीस का गं?"

"व्हय."

"काय केलतंस?"

"आई, मी घाईत हाय. मागनं करते फोन."

"बरं. कर हां."

पंचवीस सेकंदांत संपलं. ज्योत्स्ना पडद्याकडे बघत राहिली. मग तिने तारीख शोधली. फायलीवर तारीखही उरली नव्हती.

"मला आठवतच न्हाई," ती म्हणाली, "कसली घाई होती ते."