पिस्तूलवाली

सांत्वन केलेलं पिस्तूलवालीला कधीच खपलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती नेमबाजीसाठी ऑलिंपिकला गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. परत आल्यावर श्रीरामपुरात सत्कार ठेवला होता. आम्ही दोघी एकाच शाळेच्या, एकाच चर्चच्या. मी पुढच्याच रांगेत बसले होते. पाहुणे म्हणाले, पोरीचं नशीब आडवं आलं. तिनं माईक मागून घेतला. "नशिबाला बोल लावू नका. शेवटचे दोन नेम मीच चुकवले." शाळेत मास्तर असलेले तिचे वडील तेवढे गालात हसले.

पुढच्या ऑलिंपिकची तयारी सोडून ती डॉक्टरकीच्या अभ्यासाला लागली, तेव्हा प्रशिक्षक घरी आले. अंगातला गुण मातीत घालतेस, असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "सर, मला डॉक्टर आधीपासूनच व्हायचं होतं. तुम्ही कधी विचारलं नाही."

पुढे सुप्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती डॉक्टर म्हणून आली. मी तिथं आधीपासून नर्स होते. टाके घालण्यापूर्वी ती अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबायची. मग हात जराही हलत नसे.

एकदा कारखान्यातल्या एका कामगाराला आणलं. उजवा पंजा चेंगरला होता. रक्त थांबवून, पट्टी बांधून तिनं त्याला नगरला पाठवायची तयारी केली. त्याला घेऊन आलेला ठेकेदार जवळ सरकला.

"म्याडम, गाडीवरून पडला आसं लिवा. गरीब हाय, काम जाईल त्याचं."

तिनं कामगारालाच विचारलं. तो ठेकेदाराकडे बघत राहिला. "माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

"मशीनमधी गेला हात."

तिनं तेच लिहिलं. संध्याकाळपासून मोठमोठ्यांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला ती एकच सांगे, लिहिलेलं खोडणार नाही, बदली करायची तर करा.

केलीच त्यांनी, पार पाथर्डीकडे. आम्ही निरोपाचा हार आणला, तो तिनं गळ्यात घालू दिला नाही. "हार कसला? मी काही इथून हरून चालले नाही." बॅग खांद्याला लावून एसटीत चढली.

तिच्या जागी नवखे डॉक्टर आले. महिनाभरात तोच ठेकेदार पुन्हा आला, सोबत बोटं तुटलेली बाई. पुन्हा तीच विनवणी. डॉक्टरांचं पेन अडलं. नर्सनं अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं. मी बाईच्या खाटेपाशी गेले, तिच्या आणि ठेकेदाराच्या मधोमध उभी राहिले आणि विचारलं, "बोल बाई, काय झालं?"