आपण काढलेला पोपट

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला त्या घरातल्या 'आपण' या शब्दाचा अर्थ कळला होता. नवरा म्हणाला, "आपण चहा घेऊया का?" आणि वर्तमानपत्र उघडून बसला. तीही बसली. दोघं बराच वेळ बसून राहिले. शेवटी त्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि जरा दुखावल्या आवाजात विचारलं, "काय गं, झाला नाही का अजून?"

तेव्हापासून तिचं व्याकरण पक्कं झालं. आपण गॅलरी आवरली पाहिजे, आपण माझ्या मामांना जेवायला बोलावू, आपण स्वेटर उन्हात टाकायला हवेत. काम असेल तिथे 'आपण' म्हणजे ती. कौतुक असेल तिथे 'आपण' म्हणजे सगळं घर. नवरा वाईट नव्हता. उलट, माझं-तुझं करणारा माणूस नव्हे, अशीच त्याची ख्याती होती. त्याच्या तोंडी 'मी' यायचा तो फक्त 'दमलो'च्या आधी.

ती दात बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांचे साचे लॅबमध्ये पाठवत आणि त्यावरून कवळ्या, टोप्या, एखादा चुकार सुळा असं जे लागेल ते ती घडवून देई. तिच्या टेबलावर नमुन्याच्या दातांची एक पट्टी असे, त्यात पांढऱ्याच्या सोळा छटा. "पांढरे सोळा असतात," लॅबचे मालक म्हणत, "आणि रोग्याच्या तोंडात नेमका सतरावा असतो." हा सतरावा शोधण्यात तिचा दिवस जाई. खिडकीशी उभं राहून ती परक्या माणसाच्या दाताकडे इतक्या बारकाईने बघे, की त्याच्या आईनेही कधी बघितलं नसेल.

अशी नजर कामाच्या वेळेनंतर कुलपात ठेवून घरी येता येत नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मागच्या गॅलरीत तिला दोरीवरचा टॉवेल दिसला. रोजचाच. टॉवेल पिवळट पांढरा, खालची बादली निळसर पांढरी, आणि मागची भिंत जुन्या चुन्याची, थकलेली पांढरी. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन उतरलं की थोडा वेळ तिन्ही पांढरे एकमेकांपासून अलग होत, मग पुन्हा एक होऊन जात. शाळेत तिचा चित्रकलेत हात बरा होता. तिने कॅनव्हास लावलेला एक पुठ्ठा आणि अ‍ॅक्रिलिक रंगांच्या ट्यूब आणल्या. हे चित्र फक्त पांढऱ्यातच व्हायला हवं होतं. तिची इच्छा एवढीशीच होती: कुणीतरी त्या चित्रासमोर थांबावं आणि म्हणावं, अरे, हे तीन वेगवेगळे पांढरे आहेत.

जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा लॅपटॉप, लेकीची पुस्तकं आणि सासूबाईंच्या गोळ्यांचे डबे यांचं त्रिपक्षीय सरकार होतं. म्हणून तिने गॅलरीतल्या वॉशिंग मशीनचं झाकण घेतलं. उंचीही बरी होती. पहिली अडचण ही, की मशीनला स्वतःचंही काम होतं.

"मशीन लावू का गं?" सासूबाई दारातून विचारत.

"थोडं थांबता का?"

"थांबते की. मला कुठे जायचंय? कपडे तेवढे थांबत नाहीत."

आणि बटण दाबलं जाई. कपडे पिळायची वेळ आली की मशीन अंगात आल्यासारखं हले. तेवढा वेळ ब्रश वर धरून ती उभी राही, आरती संपायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

दुसरी अडचण टॉवेलची. बादली आणि भिंत गुणी होत्या, जागच्या जागी राहत. टॉवेल मात्र घरातल्या सगळ्यांचा होता. तिने चुण्या नीट बसवून ठेवाव्यात, आणि नवऱ्याने येऊन त्याला तोंड पुसावं.

"अहो, तो टॉवेल!"

"मग? टॉवेलच आहे ना?"

ती पुन्हा चुण्या बसवायला घेई. चौदा वर्षांची लेक जाता जाता विचारी, "आई, तू टॉवेल काढतेयस? मशीनमधून की कागदावर?" सासूबाईंनी चित्र लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "छान आहे. रंग कधी भरणार?"

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. दुर्लक्षात एक प्रकारची शांतता असते. ती शांतता मोडली नवऱ्याच्या फोनवर आलेल्या एका लेखाने. घरातल्या सगळ्यांनी मिळून कलेत रमावं, त्याने नाती घट्ट होतात आणि रक्तदाब उतरतो, असं त्यात होतं. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि अशा नजरेने तिच्याकडे बघितलं, की ती समजून गेली. क्रियापद येणार होतं.

"आपण दर रविवारी चित्रं काढूया!"

रविवारी टेबलावरचं सरकार पडलं. तिच्या ट्यूब, तिचे ब्रश, तिची रंग कालवायची ताटली, सगळं मधोमध आलं. सासूबाईंनी एक फूल काढलं आणि त्याच्या पाकळ्या मोजत बसल्या. लेकीने एक डोळा काढला, त्याला पापण्या काढल्या आणि फोन उचलला. नवरा मात्र खरोखर रमला. जीभ बाहेर काढून तो तासभर रंगवत होता. संध्याकाळी ती ब्रश धुवायला गेली, तर तिचा बारीक ब्रश पाण्याच्या पेल्यात केसांवर उभा होता, डोक्यावर उभं केलेल्या पोरासारखा वाकलेला. आणि पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब चपटी झाली होती.

"तुम्ही पांढरा कशाला वापरलात?"

"ढगांना."

तिने त्याचा कागद पाहिला. कागद पांढरा होता. त्यावर पांढरे ढग होते.

"दिसत नाहीयेत," ती म्हणाली.

"म्हणून तर दोन हात दिले," नवरा म्हणाला.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "आपण हल्ली चित्रं काढतो." पाहुणे तिच्याकडे वळून विचारत, "वा! तुम्हीसुद्धा काढता का?"

तरीही तिने टॉवेल पूर्ण केला. ट्यूब कापून, आतला रंग खरवडून घेऊन केला. शेवटची छटा बसली त्या सकाळी तिने मागे सरून पाहिलं. तिन्ही पांढरे आपापल्या जागी उभे होते. लॅबमध्ये दात अचूक जुळला की तो तोंडात दिसेनासा होतो, तीच त्या कामाची फजिती. इथे पहिल्यांदाच तिचं काम दिसत होतं. कोपऱ्यात सही करावी असं वाटलं, पण उगाच शिष्टपणा दिसेल म्हणून केली नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसचं स्नेहसंमेलन होतं. त्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्या मंडळींच्या कलेसाठी एक भिंत राखून ठेवलेली असे आणि त्यातल्या निवडक चित्रांना बक्षिसं असत. "आपण आपलं चित्र देऊया," नवरा म्हणाला. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर हो पडलं. भिंत होती, वर दिवा असणार होता, येणारे-जाणारे थांबणार होते. शंभरात एखाद्याला तरी डोळे असतीलच. तिला लॅबमध्ये कवळीचं तातडीचं काम होतं. चित्र तुम्ही घेऊन जा, मी कामावरून परस्पर येते, असं सांगून ती गेली.

सभागृहात पोचली तेव्हा घरचे तिघंही चित्राच्या आजूबाजूला उभे होते. चेहऱ्यांवर वाढदिवसाचा केक लपवून ठेवल्यासारखे भाव. लेक तेवढी जमिनीकडे बघत होती.

दोरीवर, टॉवेलाच्या डाव्या अंगाला, पोपट बसला होता. हिरवागार. चोच लाल.

"सरप्राइज!" नवरा म्हणाला. "आपण पूर्ण केलं!"

"किती दिवस कोरंच पडलं होतं बिचारं," सासूबाई म्हणाल्या. "तुला वेळ कुठे मिळतो! म्हटलं, आपण हातभार लावू. कल्पना माझी. हिने पेन्सिलीने काढला, याने रंगवला. अगदी जागच्या जागी बसलाय की नाही?"

खाली पांढऱ्या कार्डावर लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आनंदी पोपट. कलाकार: सहकुटुंब.'

तिला ओरडायचं होतं. पण ओरडून म्हणायचं काय? त्यांनी काही मोडलं नव्हतं. चोरलं नव्हतं. प्रेमाने, एकदिलाने, तिची अडचण ओळखून त्यांनी पोपट काढला होता. आजवर तिघांनी मिळून, कुणी न सांगता केलेलं हे पहिलंच काम, आणि ते हे होतं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तुझा पोपट..." आणि पुढचा शब्द गिळला. 'झाला' हा तो शब्द. न म्हणताही तो झालाच होता.

परीक्षक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. चित्रासमोर ते चांगली दोन मिनिटं थांबले. "पोपटामुळे चित्रात जीव आला," ते म्हणाले. "मागची मोकळी जागाही उठून दिसते." चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नोंद कर्मचाऱ्याच्या नावाने होत असल्यामुळे प्रमाणपत्रावर नवऱ्याचं नाव होतं. त्याने ते घेताना माइकवर सांगितलं, "यात माझं एकट्याचं काही नाही. आपण सगळ्यांनी मिळून केलं." टाळ्या पडल्या. इतका निगर्वी माणूस त्या ऑफिसात पूर्वी कुणी पाहिला नव्हता.

घरी येताना ती सगळ्यांच्या चार पावलं पुढे चालत होती. "दमलीस का?" नवऱ्याने विचारलं. स्वतःचं सोडून दुसऱ्या कुणाच्या दमण्याची त्याने चौकशी केली, म्हणजे मामला गंभीर आहे, हे त्यालाही जाणवलं असावं. पण का, ते जाणवलं नसावं.

तिने पोपट घालवायचं ठरवलं. हे तर तिचं रोजचंच काम. दातावरच्या टोपीच्या आत काळपट धातू असतो. त्यावर आधी दाट, आरपार न दिसणारा हात द्यायचा आणि मग वर छटा चढवायच्या. पण जुनी पांढरी ट्यूब ढगांमध्ये खर्ची पडली होती. दुकानात त्या कंपनीचा पांढरा नव्हता. दुसऱ्या कंपनीचा आणला. तिने पोपटावर दाट हात दिला, वर भिंतीचा जुनाट चुना कालवून लावला. ओला होता तोवर हुबेहूब जुळला. वाळला आणि वेगळा दिसायला लागला. तिने पुन्हा कालवला. पुन्हा वाळला, पुन्हा वेगळा. दिवसभर ती परक्यांच्या तोंडात सतरावा पांढरा बिनचूक बसवून येई आणि संध्याकाळी स्वतःच्या भिंतीशी हरे. शिवाय उजेड तिरका पडला की थराखालचा पोपट उठून दिसे. रंगाने नाही, उंचवट्याने. पांघरूण घेऊन झोपल्यासारखा.

"अगं, बक्षीस मिळालेला पोपट!" नवऱ्याने पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मी इतका मन लावून रंगवला होता." हा त्याचा आयुष्यातला दुसरा 'मी'. "असं काही करायच्या आधी आपण एकमेकांना विचारायला नको का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. थट्टा करतोय का, ते तपासलं. करत नव्हता.

"उडाला वाटतं," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि गोळ्यांचा डबा उघडला.

एका संध्याकाळी ती मशीनपाशी तोच डाग चौथ्यांदा लेपत असताना लेक कपडे टाकायला आली आणि मागे थबकली.

"आई, इथलं पांढरं वेगळं आहे."

"कुठलं?"

"हे, पोपटावरचं. हे थंड आहे. बाकीची भिंत कशी मळकी-मळकी, दुधाच्या पातेल्यासारखी." ती आणखी पुढे वाकली. "टॉवेल पिवळसर आहे ना? आणि बादली तर तिसरीच. अगं, सगळं वेगवेगळं पांढरं आहे हे!"

इतके महिने जे वाक्य ऐकायला ती आसुसली होती, ते आलं होतं. पण नळ गळतोय म्हणून सांगावं, तसं तक्रारीच्या रूपाने. आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा. पण त्याच्या आधी राग आला.

"हे तुला पोपट काढायच्या आधी दिसलं नाही का?"

लेकीने विचार केला. "नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "आधी चुकलेलं कुठे होतं?"

त्या डागाला तिने पुन्हा हात लावला नाही. पुठ्ठा मशीनमागे भिंतीशी टेकवून ठेवला. रविवार आला. ती सकाळीच जेवणाच्या टेबलाशी गेली. लॅपटॉप उचलून सोफ्यावर ठेवला, पुस्तकं लॅपटॉपवर, गोळ्यांचे डबे पुस्तकांवर. नवा पुठ्ठा मधोमध ठेवला आणि पहिल्यांदा, काहीही काढायच्या आधी, उजव्या कोपऱ्यात सही केली.

नवरा उत्साहाने बाह्या सरसावत आला. "अरे वा! आज आपण काय काढतोय?"

"मी काढतेय," ती म्हणाली. "मशीन थांबलंय. आपण तेवढे कपडे वाळत घाला."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "आपण म्हणजे कोण?"

"तू रे," सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "मान देऊन बोलतेय ती."

नवरा गॅलरीत गेला. एकेक कपडा झटकल्याचे आवाज आले. टेबलावरून तिला दोरी दिसत होती. शेवटी त्याने टॉवेल दोरीवर टाकला, दोन्ही टोकं नीट जुळवली, मागे सरून आपलं काम पाहिलं, आणि ओले हात त्यालाच पुसले.